खापरावरचा मांडा शिकताना

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्याकडे पुरणपोळी म्हणजे तेलपोळी. सैल कणीक तेलात मुरवायची, उंड्यात भरपूर पुरण भरायचं आणि तेल लावलेल्या पत्र्यावर लाटून पोळी अलगद तव्यावर सोडायची. आईच्या हाताखाली मी ती लवकर शिकले. होळीला आणि बेंदराला घरात माझ्याच हातच्या पोळ्या लागायच्या. त्यामुळे लग्न होऊन खानदेशातल्या घरात आले तेव्हा पुरणाच्या कामात आपल्याला नवीन काही शिकावं लागेल असं मनातही नव्हतं. मग पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. गावाकडच्या घराच्या अंगणात मोठ्या जाऊबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीवर उलटं घातलेलं मातीचं काळंभोर खापर आणि त्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेली, पुरण भरलेली पोळी. लाटणं बाजूला पडलेलं. पोळी हातावरच वाढत होती. हाच खानदेशातला मांडा.

पुढे बरीच वर्षं माझ्याकडे पुरण वाटायचं आणि कुरडया तळायचं काम राहिलं. मांडे जाऊबाई करायच्या, सोबतीला शेजारच्या मावशी. दोघींचंही वय झालं. आता धुराचा त्रास होतो, खाली बसवत नाही. घरातल्या तरुण सुना नोकरीच्या गावी. यंदा मी जाऊबाईंना फोन करून सांगितलं, आखाजीचे मांडे मी करणार, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं सांगायचं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग गहू ओलवायला ये. आयत्या पिठावर नाही जमायचं."

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. खानदेशात आखाजीचं वजन दिवाळीइतकंच. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात आणि तिच्यापुढे आमरस, पुरणपोळी, सांजोरी यांचा नैवेद्य दाखवतात. पितरांना आंबा दाखवल्याशिवाय घरात कुणी आंबा खात नाही, हे आमच्याकडे अजून पाळलं जातं. वैशाखाचं ऊन असं की सकाळी दहानंतर अंगणात पाय ठेववत नाही. म्हणून मांड्याची चूल पहाटेच पेटते.

गव्हापासून सांगते. गहू लोकवन, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेलं वाण. आमच्या भागात आता पोळीसाठी बहुतेक घरांत हाच असतो. तो स्वच्छ धुऊन, निथळून, ओल्या कापडात रात्रभर बांधून ठेवला. सकाळी सावलीत पसरला आणि वरून कोरडा पण आतून किंचित दमट असतानाच दळायला दिला. दमट झाल्यामुळे गव्हाचं साल चिवट होतं, त्याचा भुगा होत नाही. जात्यात किंवा गिरणीत ते मोठ्या पापुद्र्यांनी सुटतं आणि आतला गर बारीक होतो. मग पीठ जुन्या धोतराच्या कापडातून वस्त्रगाळ करायचं. हे काम फार वेळखाऊ. दोघींनी कापडाची दोन टोकं धरायची आणि पीठ वरून हाताने फिरवत राहायचं. कोंडा गुरांना गेला. खाली परातीत साठलं ते मैद्याइतकं मऊ, पण त्याला ताज्या गव्हाचा वास होता आणि रंग पिवळसर.

मी मैदा का नको म्हणून विचारलं, कारण दुकानातला मैदाही ताणतो. कर्नाटकातली होळिगे आणि आंध्रातले बोब्बट्लु आता बहुतेक मैद्याचेच असतात. बंगळूर-म्हैसूरकडे चिरोटीचा बारीक रवाही घेतात. त्यात हळद घालतात, तेलात बुडवून ठेवतात आणि केळीच्या पानावर बोटांनी थापत थापत पोळी पसरतात. जाऊबाईंचं म्हणणं, मैद्याचा मांडा ताणला जातो, पण निवला की चामट होतो आणि रसात बुडवल्यावर गिळगिळीत लागतो. मी दोन्ही करून पाहिलं. त्यांचं बरोबर आहे.

पुरणाच्या बाबतीत मला वाटलं होतं की हे तर माझ्या हातचंच आहे. हरभऱ्याची डाळ बोटाने सहज चिरडेल इतकी शिजवायची, वरचं पाणी म्हणजे कट काढून घ्यायचा, मग गूळ. गूळ घातल्यावर डाळ आणखी शिजत नाही, उलट कडक धरते, म्हणून कच्च्या डाळीत गूळ घालायची घाई करायची नाही. हे साताऱ्यातही तसंच. पुढचा भाग मात्र वेगळा. आमच्याकडे पुरण पुरणयंत्रातून काढतात आणि चांगलं घट्ट आटवतात, पळी उभी राहिली की झालं. इथे ते पाट्यावर वाटलं, अगदी लोण्यासारखं. डाळीची एक अख्खी कणी राहिली तरी पोळी नेमकी तिथे फाटते. आटवणंही मी करते त्याच्या कितीतरी आधी जाऊबाईंनी थांबवायला लावलं. मला ते पुरण सैल वाटत होतं. त्या म्हणाल्या, कणीक दाबून बघ आणि पुरण दाबून बघ, दोन्ही बोटाला सारखंच लागायला पाहिजे.

माझ्या मते सगळ्या पुरणपोळीचं मर्म या एका वाक्यात आहे, आणि हे इतकी वर्षं पोळ्या करूनही मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मऊ गोड सारण पातळ पारीत कोंडायचं आणि ते पारीबरोबर पसरलं पाहिजे, ही अडचण सगळ्यांपुढे सारखीच. ज्याने त्याने ती आपापल्या धान्यावर आणि भांड्यावर सोडवली. साताऱ्या-पुण्याकडे कणीक तेलाने सैल केली. विदर्भात पारी जेमतेम नावापुरती, आत पुरणच पुरण, पोळी जाड, आणि ताटात वाटीभर तूप. गुजरातेत वेडमी तुरीच्या डाळीची. तूर शिजून आपोआपच गुळगुळीत होते, तिला वाटायचे कष्ट नाहीत. मग फुलक्याएवढी आटोपशीर पोळी लाटायची आणि वरून तूप. दक्षिण कर्नाटकातही बेळे ओब्बट्टु तुरीचा करतात, आणि उत्तरेला धारवाड-बेळगावकडे आलं की हरभऱ्याची डाळ पुन्हा सुरू होते. नारळाच्या पट्ट्यात खोबरं आणि गुळाचं सारण भरून कायी होळिगे होते. नावं बदलतात, डाळी बदलतात. पुरण आणि पारीचा मऊपणा जुळला नाही तर मात्र कुठल्याही प्रांतात पोळी फुटतेच.

कट कुणीच टाकून देत नाही, याचं मला फार कौतुक आहे. आमच्याकडे त्याची कटाची आमटी, गुजरातेत ओसामण, कानडी मुलखात ओब्बट्टिन सारु. खानदेशात त्याची रशी होते, भाजलेलं खोबरं-कांदा आणि काळा मसाला घालून, तिखटजाळ. डाळीचं सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरलेलं असतं, आणि गोडाच्या जेवणात तोंडाला चव आणायचं काम तेच करतं. खानदेशात आखाजीला रशी नाही असं घर मी पाहिलेलं नाही.

कणीक भिजवणं हा सगळ्यात लांबलेला भाग. पीठ, मीठ, थोडं तेल आणि पाणी, बस. पाणी एकदम घालायचं नाही. आधी पोळीच्या कणकेसारखं भिजवून झाकून ठेवायचं आणि मग पाण्याचा हात लावत तिंबत राहायचं. मावशींनी परातीपुढे बसून दाखवलं: गोळा उचलायचा, परातीत आपटायचा, ओढायचा, घडी घालायची, पुन्हा आपटायचा. हळूहळू कणीक इतकी सैल होते की हातात धरली तर खाली ओघळते, पण तुटत नाही. तयार झाली की नाही हे बघायचं त्यांचं गमक मला फार आवडलं. लिंबाएवढा तुकडा घ्यायचा, चार बोटांवर पसरवत न्यायचा आणि उजेडाकडे धरायचा. पलीकडून बोटांची पेरं दिसली पाहिजेत. पेरं दिसायच्या आत भोक पडलं तर कणकेला अजून तिंबणं हवं. माझी कणीक त्या परीक्षेला उतरेपर्यंत दंड भरून आले होते. नंतर ती तेलाचा हात लावून, ओलं फडकं टाकून रात्रभर मुरत ठेवली.

पहाटे चूल पेटवली. आमचा भाग कपाशीचा, त्यामुळे जळण म्हणजे पऱ्हाटी. वाळलेली पऱ्हाटी भरकन पेटते, मोठी ज्योत देते आणि तितक्याच लवकर बसते. मांड्याला असाच जाळ लागतो. जाड लाकडाचा निखारा खापराचा मधलाच भाग तापवत बसतो. ज्योत मात्र खापराच्या पोटात सगळीकडे फिरते आणि कडाही तापतात. जाळ घालणारं माणूस वेगळं लागतं, कारण मांडा हातावर असताना चुलीकडे बघायला उसंत नसते. माझा पुतण्या पहाटेपासून तिथे बसला होता आणि जाऊबाईंच्या एकेका शब्दावर काडी आत-बाहेर करत होता.

खापर तापलं की नाही हे पाहायला त्यावर चिमूटभर पीठ टाकायचं. पीठ सावकाश बदामी झालं तर ठीक. लगेच काळं पडलं तर जाळ ओढायचा.

हे उलट्या खापरावर भाजणं फार जुनं आहे. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात गव्हाच्या मंडकाचं आणि तो खापरावर भाजण्याचं वर्णन येतं. आणि आपल्याकडे तर कीर्तनात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आहेच. आळंदीत विसोबांनी कुंभारांना बजावलं, या मुलांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रडवेली झाली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. म्हणजे तेव्हा मांडे आळंदीच्या बाजूलाही घरोघरी माहीत असणारच, नाहीतर ती गोष्ट ऐकणाऱ्याला कळली नसती. आज देशावर तवा आला आणि खापर गेलं. खानदेशाने ते धरून ठेवलं. बेळगावकडेही मांडे राहिले, पण त्यांचं रूप निराळं. तिथे पुरण नसतं; पिठीसाखर, तूप, वेलची असं कोरडं सारण भरून पारी कागदासारखी पातळ लाटतात, लोखंडी कढई उलटी घालून तिच्यावर भाजतात आणि गरम असेतो पटकन घड्या घालतात, कारण निवला की तो कुरकुरीत होतो. लग्नाच्या रुखवतात हे मांडे आवर्जून मांडतात आणि ते टिकतातही चांगले. खानदेशी मांडा मऊ, त्याच दिवशी खायचा.

आता हातावरचं काम. कणकेचे दोन छोटे उंडे घ्यायचे आणि तळहाताएवढ्या दोन पुऱ्या लाटायच्या. एकीवर पुरणाचा गोळा थापायचा, दुसरी वर ठेवायची आणि कडा बोटांनी दाबत नीट मिटवायच्या. मग हलक्या हाताने थापून ती ताटलीएवढी करायची. इथवर लाटण्याचं काम. यापुढे ती उचलून दोन्ही हातांच्या मुठींच्या पाठीवर घ्यायची आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकत राहायची, दर वेळी थोडी फिरवून. बोटांची टोकं कुठेही लागता कामा नयेत. मी ओढायला बघत होते. मावशी शेजारून म्हणाल्या, "बोटं नको टोचू व माय, पोई फाटी जाई."

ओढायचं नसतंच. पोळी आपल्या वजनाने खाली येते, आपण फक्त तिला आधाराची जागा बदलून द्यायची. मुठींवरून ती मनगटावर येते, मनगटावरून हाताच्या मधल्या भागावर, आणि वाढत वाढत कोपरापाशी. या वेळात पुरण काय करतं ते मला प्रथमच हाताच्या कातडीवर कळलं. सुरुवातीला मध्ये एक गार, जड गोळा जाणवतो. दोन-चार हेलकाव्यांनंतर तो गोळा उरत नाही, गारवा सगळ्या हातभर सारखा पसरतो. मग समजायचं की पुरण कणकेबरोबर चाललंय. पुरण घट्ट असतं तर ते मध्येच बसून राहिलं असतं आणि नुसती कणीक कडेला पळाली असती. सैल असतं तर कडेला गोळा होऊन फुटलं असतं. आदल्या दिवशी जाऊबाईंनी मला लवकर का थांबवलं, ते इथे हातांना समजलं.

मांडा दीड-दोन फुटांचा झाला की खापराजवळ जायचं. दोन्ही हात खापरावर आडवे न्यायचे, पुढची कड आधी टेकवायची आणि हात अंगाकडे काढून घेत मांडा खापरावर सोडायचा. "आते सोड," असं मावशींनी म्हटलं की सोडायचं, त्याआधी नाही आणि नंतरही नाही. वाफ थेट चेहऱ्यावर येते. खापराला घुमटासारखा बाक असल्यामुळे एवढी मोठी पोळी सुरकुती न पडता अंगासरशी बसते. सपाट तव्यावर तिला घड्या पडल्या असत्या. क्षणात फोड येतात, कडा सुटू लागतात. मग दोन्ही हातांनी कड धरून उलटायचा, दुसरी बाजू थोडा वेळ, आणि गरम असतानाच चौघडी घालून सुती कापडावर ठेवायचा. तूप लगेच सोडायचं. हाताच्या आतल्या बाजूला मला थोडी धग लागली, पण मावशींच्या हातांकडे बघून तिचं काही वाटलं नाही.

पहिल्या घाण्यातले काही मांडे खापराआधी हातावरच उसवले. त्यांचे तुकडे पुतण्याने तूप लावून संपवले. पुढचे जमत गेले, पण आकार सगळ्यांचा गोल आला नाही. जाऊबाईंनी नैवेद्यासाठी त्यातलेच निवडून घेतले.

घागरीपुढे नैवेद्य दाखवून झाल्यावर पंगत बसली. ताटात मांडा, आमरस, रशी आणि भात, कुरडया, पापड, भजी. मांडा फाडून रसात बुडवून खातात. आमरस गोड, म्हणून आखाजीच्या पुरणात गूळ किंचित हात राखून घालतात, ही जाऊबाईंची सूचना. इतर सणांना हाच मांडा दुधाबरोबर खातात, तेव्हा गूळ बरोबरीने. कशाबरोबर खायचं यावर पुरणाचा गोडवा ठरतो, हे बाकीच्या प्रांतांनाही लागू असावं. सोलापूर-मराठवाड्याकडे पोळी गुळवणीत कुस्करतात. तिरुअनंतपुरमच्या सद्येत, म्हणजे सणाच्या पंगतीत, तर केळीच्या पानावर पिवळी बोळी वाढतात आणि तिच्यावर पालपायसम, म्हणजे दुधाची खीर, ओततात. केरळात पुरणाची पोळी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझी एक मैत्रीण तिथे राहून आली, तिने पहिल्यांदा सांगितलं. तिथली बोळी हरभऱ्याच्या डाळीचीच, पण पातळ, नाजूक आणि बेतशीर गोड, कारण गोडाची जबाबदारी पायसमवर.

नाशिकला घरी आल्यावर मी गॅसवर करून पाहिलं. लोखंडी कढई उलटी घातली. गॅसची ज्योत मधोमधच राहते, त्यामुळे कडा कच्च्या राहतात आणि मांडा सतत फिरवावा लागतो. आकार फुटभराच्या पुढे नेला की फिरवताना फाटतो. लहान केले तर चांगले होतात, मऊ राहतात, फक्त मातीचा आणि पऱ्हाटीच्या धुराचा वास त्यांना येत नाही. शहरात शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. पीठ ओलवलेल्या गव्हाचं आणि कापडातून गाळलेलं असेल, पुरण पाट्यावर वाटलेलं असेल, तर निम्मं काम झालं. हात सवयीने बसतो.

ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनी मात्र खापरच घ्यावं. आमच्या गावचे कुंभारकाका ते वर्षभर करत नाहीत. आखाजीआधीच्या भट्टीत घागरींबरोबर खापरं भाजतात, तीही कुणी सांगितली तरच. सांगणारी घरं दरवर्षी कमी होत चालली आहेत, असं ते म्हणाले. म्हणून फाल्गुनातच सांगून ठेवावं. घेताना बोटाने वाजवून बघावं, खणखणीत आवाज आला पाहिजे. पहिल्यांदा चुलीवर ठेवताना मंद जाळावर हळूहळू तापवावं आणि तापलेलं असताना पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, तडा जातो. मी पुढच्या आखाजीसाठी दोन सांगितली आहेत, कारण ऐन सणाच्या पहाटे एखादं तडकलं तर दुसरं मिळणार कुठून.